श्रावण पाळला, कर चुकवली



आज कपाशीबद्दल काही नाही. वाफसाच नाही, रानात पाय घातला की गुडघ्याएवढा चिखल. म्हणून घरचा हिशोब मांडतो, दारूचा.

यंदा, म्हणजे २०२५ ला, श्रावण २५ जुलैला लागला, २२ ऑगस्टला पोळा झाला. तेवढे दिवस मी थेंब घेतला नाही. त्यात मोठेपणा काही नाही, आपल्याकडं निम्मं गाव श्रावण पाळतं. मी तर वीस वर्षांपासून पाळतो. पण खरं सांगू का, त्या वीस श्रावणांनी अंगाला काडीचा फरक पडला नव्हता. आपला श्रावण गटारीनं सुरू होतो आणि पोळ्याच्या करीनं संपतो. यंदा अमावस्या गुरुवारी आली, गुरुवारी मटण चालत नाही, म्हणून पोरं आदल्या रविवारीच बसली आणि बुधवारी पुन्हा बसली. महिनाभर मिळायची नाही म्हणून आठ दिवसांची दोन रात्रीत. मग कॅलेंडर बघत महिना काढायचा अन् करीला सगळं भरून काढायचं. त्यात मधे साबुदाण्याची खिचडी, तीही तेलातुपात निथळणारी. वजन उतरणार कुठून?

गेल्या श्रावणात शुक्रवारी रात्री भद्रा मारुतीला पायी निघालो होतो. मिटमिटा, शरणापूर, दौलताबादपर्यंत गप्पा मारत आलो. पुढं घाट लागला आणि मी कठड्यावर बसलो. छातीत भाता चालल्यासारखं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे लोक "जय बजरंगबली" म्हणत पुढं निघून गेले. खुलताबादला पोचलो, पण जीपमध्ये बसून. दर्शन घेताना मारुतीसमोर मान वर झाली नाही. देवसुद्धा तिथं झोपलेलाच आहे म्हणा, पण त्याची गोष्ट वेगळी.

म्हणून यंदा गटारीला गेलोच नाही. भुसाराच्या दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो, ८३ किलो. बीपी मोजून घेतला आणि आकडा वहीत लिहिला, जिथं फवारणीच्या तारखा लिहितो तिथंच.

पहिले पाच दिवस बेकार गेले. झोप लागेना, चिडचिड. कारभारीण म्हणाली, "यापेक्षा पिलेले बरे होते तुम्ही." दहाव्या दिवसापासून झोप लागायला लागली, रात्री तीनला जाग यायची ती बंद झाली. पंधराव्या दिवशी सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन कपाशी फवारली. आधी चौथ्या पंपाला बांधावर बसायचो, यंदा सात झाले. पोळ्याला वजन ८१. बीपी वरचा १५० होता, तो १३८ वर आला.

माझं चाललं म्हणून सगळ्यांचं चालेल असं म्हणत नाही. पण इंग्लंडात लोक २०१३ पासून जानेवारी कोरडा पाळतात, आणि लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये महिनाभर दारू सोडलेल्यांची तपासणी छापली. वजन दीड टक्का उतरलं, रक्तदाब साडेसहा टक्के, आणि शुगरशी संबंधित इन्सुलिनचा अडथळा चौथा हिस्सा कमी. एका महिन्यात! त्यांना देवाचं नाव घ्यावं लागलं नाही, आपल्याला महिना आयता मिळालाय.

खर्चाचं बघा. जून २०२५ मध्ये सरकारनं कर वाढवला, विदेशीची क्वार्टर कमीत कमी २०५ रुपये झाली, देशीची ८०. माझ्या आठवड्याला चार व्हायच्या, महिन्याच्या सोळा. ३२८० रुपये. १३५० च्या भावानं डीएपीच्या दोन गोण्या आणि वर युरियाच्या दोन. चकना धरलाच नाही. आणि एका क्वार्टरमध्ये जवळपास दोन भाकरींएवढी उष्णता असते, पोट मात्र त्यानं भरत नाही.

आता एक गोष्ट नीट वाचा. जो रोज पितो, सकाळी घेतल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत, त्यानं श्रावण लागला म्हणून एकदम बंद करू नये. आमच्याकडं एकानं तसं केलं. तिसऱ्या दिवशी थरथर, घाम, रात्री भिंतीवर माणसं दिसायला लागली. घरच्यांनी अंगारा लावला, देवऋषी बोलावला. दारू अचानक तुटल्यानं असं होतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. नशीब, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. अशा माणसानं डॉक्टरच्या औषधावरच सोडावी. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा फोन आहे, पैसे लागत नाहीत. शपथ घालून, पाय धरून हे होत नाही.

माझं म्हणणं एवढंच की श्रावण देवासाठी पाळला की देवाचा महिना संपल्यावर सुटतो. अंगासाठी पाळला तर पोळ्याला थांबायचं कारण काय? अडचण दारूची कमी अन् सातच्या टायमाची जास्त आहे. दिवसभर राबल्यावर बसायचं कुठं, बोलायचं कुणाशी? गावात त्या वेळेला दुसरं काही चालू नसतं. मी महिनाभर बांधाबांधानं चक्कर मारली. पोटरीएवढ्या गवतात, बॅटरी घेऊन, सापाला भीत. हा काही गावाला सांगण्यासारखा उपाय नाही.

यंदा कर शनिवारी आली, म्हणून मंडळींनी रविवारी ठेवली. तीनदा फोन वाजला. तिसऱ्यांदा उचलला, म्हणालो, मटण खायला येतो. गेलो, दोन भाकरी चुरून खाल्ल्या, साडेनऊला उठलो. गाडीपर्यंत दोघं आडवे आले. एकजण अजून बोलत नाही. काल त्याच्या मोटारीचा स्टार्टर जळाला होता, मी माझा नेऊन दिला. घेतला, पण बोलला नाही.