चौथ्या अंकाच्या पुढे

आर्वीच्या गाडीविषयी कोणी लिहावयास बसला की तो हमखास गहिवरून लिहितो. लेखक लहानपणी त्या गाडीत बसलेला असतो. गाडी इतकी संथ असते की खाली उतरून चार बोरे वेचावीत आणि पुन्हा डब्यात चढावे. गार्ड ओळखीचा असतो. आणि शेवटच्या परिच्छेदात रुळांवर गवत उगवते. अशा लेखांवर आम्हीही माना डोलावल्या आहेत, विद्यार्थ्यांना ललितगद्याचे नमुने म्हणून ते वाचून दाखवले आहेत. आता मात्र आम्हांला त्यांचा उबग आला आहे. हा उबग निव्वळ वाङ्मयीन नाही, म्हणूनच त्याची कारणे मांडणे आवश्यक वाटते.

प्रथम वस्तुस्थिती. पुलगाव ते आर्वी हा सुमारे ३५ किलोमीटरचा अरुंदमापी फाटा १९१७ साली सुरू झाला. सोरटा, विरूळ, रोहणा ही त्यावरची गावे. फाटा घातला तो या गावांच्या सोयीसाठी नव्हे. या पट्ट्यातील कापूस पुलगावला मुंबई-हावडा मार्गावर आणून सोडावा, हा त्यामागचा हिशेब होता. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, व्यवस्था किलिक निक्सन या पेढीकडे. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर (१९१३) हे याच कंपनीचे थोरले मार्ग, तेही ७६२ मिलिमीटर मापाचे. १९५१ मध्ये जी. आय. पी. रेल्वेची मध्य रेल्वे झाली, परंतु या फाट्यांची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी सरकारने चालवायची, रूळ कंपनीचे म्हणायचे, आणि दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न कागदावरून कागदावर फिरवायचा. अशा घरात मूल वाढत नाही. यथावकाश गाडी थांबली.

यवतमाळच्या गाडीला लोकांनी ‘शकुंतला’ म्हटले आणि ते नाव आर्वीच्या गाडीलाही चिकटले. नाव कोणी ठेवले हे गौण आहे. ज्यांनी शाकुंतल वाचले आहे, त्यांना त्या नावातील सूचकता जाणवायला हवी होती. पण आपली गोची तिथेच झाली. मराठी वर्गांत शाकुंतल म्हणजे चौथा अंक. कण्वांचा कंठ दाटून येतो, हरिणाचे पाडस पदर धरते, झाडेवेली निरोप देतात आणि तास संपतो. पाचवा अंक आपण घाईने उरकतो. त्या अंकात तीच शकुंतला भर दरबारात उभी आहे, आपला अधिकार सांगते आहे, आणि राजा ‘मी हिला ओळखत नाही’ म्हणतो तेव्हा रडून गप्प न बसता त्याला अनार्य म्हणते. आर्वीच्या गाडीवरचे आपले सगळे लेखन चौथ्या अंकात अडकले आहे. दरबारात जाऊन प्रश्न विचारण्याचा अंक आपण लिहिलाच नाही.

या गहिवराचा लाभ कोणाला होतो, हेही पाहावे. जी गोष्ट स्मृती झाली ती मागणी राहत नाही. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये ती विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. त्यानंतर मराठीत ट्राम उरली ती आठवणींच्या पुस्तकांतच. वाहतुकीचे साधन म्हणून तिचा विचार करणाऱ्याला आपण हळवा ठरवतो, आणि तिच्यावर हळवे लिहिणाऱ्याला मात्र वाङ्मयीन पुरस्कार देतो.

आता नागपूरकडे वळू. जुलै २०१८ मध्ये महामेट्रो, भारतीय रेल्वे आणि राज्य सरकार यांच्यात एक करार झाला. नागपुराहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोड या चार दिशांना, अस्तित्वात असलेल्या रुंदमापी रुळांवरूनच मेट्रोसारख्या हलक्या, वातानुकूलित गाड्या चालवाव्यात, अशी ती योजना. कल्पना उत्तम आहे. नवे खांब उभारण्यापेक्षा असलेले रूळ वापरणे केव्हाही शहाणपणाचे. २०२५ उजाडले तरी त्यातली एकही गाडी धावली नव्हती, हा भाग वेगळा. आमचा आक्षेप त्याआधीचा, म्हणजे नकाशाच्या रेषेवर आहे. ती रेषा वर्ध्याला थांबते. तिथून पुलगाव रेल्वेने सुमारे ३० किलोमीटर, आणि पुलगावातून आर्वीच्या दिशेला मोकळी केलेली, भराव घातलेली, शंभर वर्षांपूर्वी आखलेली एक वाट पडून आहे. नकाशा काढणाऱ्याला ती दिसली नाही, कारण तिच्याकडे रूळ म्हणून पाहण्याची सवयच आपण मोडली आहे.

‘विस्तार’ हा शब्दच पाहा. केंद्र ठरलेले, ते आपल्या सवडीने बाहेर पसरणार आणि ज्या गावापर्यंत पोचेल त्या गावाने उपकृत व्हायचे. रोहण्याहून पाहिले तर हेच चित्र उलटे होते. तिथल्या विद्यार्थिनीला नागपूरचा विस्तार नको आहे. तिला सकाळी आर्वीला किंवा पुलगावला महाविद्यालयात पोचायचे आहे आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचे आहे. तिथल्या म्हाताऱ्याला सेवाग्रामच्या रुग्णालयात जायचे आहे. ज्या आराखड्यात हे दोन प्रवास मोजलेच जात नाहीत, त्यात ‘प्रवासीसंख्या अपुरी’ हा निष्कर्ष आधीच लिहिलेला असतो.

जर्मनीतील कार्ल्सरूहे शहराचे उदाहरण येथे मुद्दाम देतो. तेथे आल्ब खोऱ्यातील एक जुना, तोट्यातला अरुंदमापी मार्ग दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत काढण्याऐवजी त्याचे माप बदलून तो शहराच्या ट्रामला जोडला गेला. पुढे १९९२ मध्ये ब्रेटेनच्या दिशेने ट्राम थेट मुख्य रेल्वेच्या रुळांवरून धावू लागली. एकच गाडी शहरात एका दाबाच्या विजेवर आणि बाहेर दुसऱ्या दाबाच्या विजेवर चालते. गावातला माणूस आपल्या थांब्यावर चढतो आणि गाडी न बदलता बाजारपेठेत उतरतो. सर्वत्र असेच घडते असे नाही. इंग्लंडमध्ये शेफील्ड-रॉदरहॅमची अशीच गाडी २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला होता. धडा इतकाच की जुना फाटा ओझे ठरतो की भांडवल, हे पाहणाऱ्याच्या दृष्टीवर आणि जोडणीच्या कसबावर अवलंबून असते.

आमच्याकडे या प्रश्नाची दोनच टोके आहेत. एक, स्मृती. दुसरे, ‘रुंदमापी नाहीतर काहीच नाही’. हा मार्ग रुंद करून वरुड-आमल्यापर्यंत न्यावा, ही मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. तीस आमचा विरोध नाही. पण मोठी मागणी पुरी होईतो लहान काहीच करायचे नाही, हा हट्ट कोणाच्या सोयीचा? हलक्या गाडीला जड भराव लागत नाही, ती तीव्र वळणे घेते, गावाच्या रस्त्यावरून चालू शकते. एकेरी मार्ग, मध्यावर एक ओलांडणी, दोन गाड्या. पन्नास मिनिटांत ३५ किलोमीटर कापले आणि टोकाला दहा मिनिटे थांबले, तर दोन्ही टोकांहून दर तासाला एक गाडी सुटते. हे गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. एका डब्याची रेलबस रेल्वेने मथुरा-वृंदावन मार्गावर वर्षानुवर्षे चालवून दाखवली होती.

‘एसटी आहे की’ असे म्हणणाऱ्यांना २०२१-२२ चा संप आठवावा. महिनोन्महिने लालपरी आगारात उभी होती, तेव्हा दुचाकी नसलेल्या घरातील मुलींनी काय केले, हे त्यांनी एकदा खेड्यात जाऊन विचारावे. एसटीशी आमचे वैर नाही. एकाच दोरीवर सगळे गाव लोंबकळत ठेवण्याशी आहे.

आणि वेळ हीच आहे, हे निकराने सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा-भुसावळ दरम्यान ३१४ किलोमीटरची तिसरी आणि चौथी मार्गिका मंजूर केली. मुख्य मार्गावर मालगाड्यांची इतकी गर्दी आहे की हलक्या गाडीला तेथे जागा नाही, हा आजवरचा सबळ आक्षेप होता. तो आता दुबळा होतो. या मार्गिका पुलगावातून जाणार. स्थानकाची नवी रचना होईल तेव्हाच आर्वीच्या बाजूचा फलाट कागदावर आला तर तो होईल. नंतर त्यासाठी कोणी भिंत पाडणार नाही.

शाकुंतलात ओळख पटते ती अंगठीने. शचीतीर्थात पडलेली अंगठी माशाने गिळली, कोळ्याला सापडली, म्हणून नाटक सुखान्त झाले. पुलगाव ते आर्वी ही जमिनीची अखंड पट्टी हीच आपली अंगठी आहे. ती एकदा तुकड्यातुकड्यांनी गेली, की परत आणून देणारा कोळी येथे भेटणार नाही. नवे भूसंपादन करण्याची हिंमत पुढची शंभर वर्षे कोणी दाखवणार नाही. तेव्हा मार्गाचे भवितव्य ठरेपर्यंत ती पट्टी अभंग राखावी, नागपूर-वर्धा आराखड्यात पुलगाव-आर्वीचा समावेश करून प्रवासाची मोजणी गावाकडून करावी, एवढे तरी मागू या.

साहित्याच्या शिक्षकांनी या उठाठेवीत का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. त्या गाडीला गवतात पुरण्याचे काम सर्वांत सुंदर भाषेत आपणच केले. तिला बाहेर काढायलाही आता थोडी भाषा खर्च करू या. पुढच्या सत्रात पाचवा अंक शिकवावा. सुरुवात तिथूनही होईल.