‘निसर्गसान्निध्या’ची किंमत कोणी दिली?

दिल्लीहून यमुना ओलांडली की नोएडा लागते आणि त्याच्या पलीकडे ग्रेटर नोएडा. तेथील जुन्या, स्थिरावलेल्या सेक्टरांत राहणाऱ्या सुशिक्षित मध्यमवर्गीयास आपल्या वस्तीचे वर्णन करावयास सांगितले, तर ते बहुधा ठरावीक शब्दांत येते. रुंद रस्ते, दुतर्फा झाडी, राजधानीच्या गोंगाटापासून दूर, आणि शेवटची इमारत संपली की मोहरीची शेते. सकाळी फिरावयास निघालेले निवृत्त अधिकारी त्या शेतांच्या बांधापर्यंत जातात आणि तेथून परत फिरतात.

यात गैर काय, असे विचारले जाईल. झाडाखाली फिरणे हा गुन्हा नव्हे, आणि श्रमजीवी वर्गाचा पक्ष स्वच्छ हवेच्या विरुद्ध असण्याचे काहीच कारण नाही. आक्षेप आहे तो त्या वर्णनाआड दडलेल्या सिद्धान्तास. शहर व खेडे ही जणू दोन निसर्गसिद्ध क्षेत्रे आहेत. त्यांच्या सीमेवर राजकारणापासून अलिप्त असे शांत जीवन जगता येते. गावकऱ्यांना मोबदला मिळाला, तेव्हा हिशेब मिटला, असा हा सिद्धान्त. खेदाची गोष्ट ही की तो अशा वस्त्यांत राहणाऱ्या काही पक्षसभासदांच्याही अंगवळणी पडला आहे. त्यांची नोकरी दिल्लीत, शाखेची बैठक दिल्लीत, निदर्शनेही दिल्लीतच. घराजवळ मात्र वर्गसंघर्ष नाही, कारण तेथे झाडे आहेत!

वस्तुस्थिती काय आहे? नोएडाची स्थापना १७ एप्रिल १९७६ रोजी, म्हणजे आणीबाणीच्या अंमलात झाली. नावातच ‘औद्योगिक विकास’ हे शब्द आहेत. त्या नावाखाली गावोगावची शेती घेण्यात आली, आणि हत्यार होते ब्रिटिशांचा १८९४ चा भूसंपादन कायदा. या कायद्यात जमीनधारकाची हरकत ऐकून घेण्याची तरतूद होती. परंतु ‘तातडी’चे कलम लावले की तीही टाळता येई, आणि या जिल्ह्यात ती वारंवार टाळण्यात आली. ज्या कामाला वर्षानुवर्षे वीट लागावयाची नव्हती, त्या कामाची तातडी एवढी की शेतकऱ्याचे म्हणणे ऐकण्यास काही दिवसही नव्हते!

शाहबेरी या एका गावाचा इतिहास पाहिला तरी सगळे चक्र उलगडते. ग्रेटर नोएडाच्या पश्चिम टोकावरील या गावाची सुमारे १५६ हेक्टर जमीन नियोजित औद्योगिक विकासाच्या नावाने संपादित करण्यात आली. पुढे जमिनीचा वापर बदलून ती निवासी संकुलांसाठी खाजगी बांधकाम कंपन्यांकडे वळविण्यात आली. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे संपादन रद्द ठरविले. त्याच्या दोनच महिने आधी याच जिल्ह्यातील भट्टा-पारसौल येथे शेतकरी व पोलीस यांच्यात चकमक होऊन माणसे मारली गेली होती. शाहबेरीची जमीन शेतकऱ्यांच्या नावावर परत आली. हा विजय होता, यात शंका नाही. पण परत आलेल्या जमिनीभोवती आता शेत उरले नव्हते, बाजार उरला होता. लहान ठेकेदार आले, तुकडे विकले गेले आणि परवानगी व तपासणी यांवाचून मजल्यावर मजले चढले. मोठ्या संकुलातील घर ज्यांना परवडत नव्हते, त्या नोकरदारांनी आयुष्याची पुंजी देऊन तेथे घरे घेतली. १७ जुलै २०१८ च्या रात्री दोन इमारती कोसळल्या आणि नऊ माणसे गाडली गेली.

येथे दोषी कोण? शेतकरी हावरा, घर घेणारा मूर्ख, एवढेच उत्तर सेक्टरातल्या चहाच्या टेबलावर मिळते. परंतु कायदेशीर संपादन असो की बेकायदा विक्री, दोन्हींतून नफा उचलला तो जमिनीच्या व्यापाऱ्याने. त्याने एका दारातून शेतकऱ्याला बाहेर काढले आणि दुसऱ्या दारातून घर घेणाऱ्याला लुटले. २०१९ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाला याच भागातील एका बड्या बांधकाम समूहाची नोंदणी रद्द करून हजारो ग्राहकांची अपुरी घरे सरकारी कंपनीकडे सोपवावी लागली. तेव्हा सेक्टरवासी व गावकरी यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत, हा प्रचार कोणाच्या सोयीचा आहे ते उघड आहे.

मात्र येथे उलट बाजूची चूकही टाळावयास हवी. ‘शेतकरी’ या एका शब्दात सगळे गाव कोंबणे हीसुद्धा मार्क्सवादाशी फारकतच. या गावांतील जमीन प्रामुख्याने गुज्जर, ठाकूर, जाट अशा जातींच्या हाती होती. शेतमजूर बहुतांशी दलित. मोबदला सातबाऱ्याला मिळतो (उत्तर प्रदेशात त्याला खतौनी म्हणतात), घामाला मिळत नाही. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला पैसा मिळाला, पुढे न्यायालयामार्फत वाढीव पैसा आणि विकसित भूखंडाचा हक्कही काहींना मिळाला. ज्याने ती जमीन कसली त्याची रोजी गेली आणि हाती काहीच आले नाही. २०१३ च्या नव्या कायद्याने भूमिहीनाच्या उपजीविकेची दखल प्रथमच घेतली, परंतु तोवर या पट्ट्यातील कितीतरी शेती नकाशावरून पुसली गेली होती. ज्यांना पैसा मिळाला त्यांपैकी अनेकांनी गावठाणात खोल्यांच्या चाळी उठविल्या. कालचा शेतकरी आज घरमालक आहे. वीज तो आपल्या दराने विकतो, आणि पुष्कळ ठिकाणी किराणाही त्याच्याच दुकानातून घ्यावा लागतो.

त्या खोल्यांत कोण राहते? बंगाल, बिहार, झारखंडातून आलेले बांधकाम मजूर, पहारेकरी, आणि सेक्टरातील भांडी घासणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया. सेक्टराची शांतता म्हणतात ती या स्त्रियांच्या पहाटे पाचच्या पावलांवर उभी आहे. जुलै २०१७ मध्ये नोएडातील एका संकुलात कामाला गेलेली स्त्री रात्री घरी परतली नाही. तिच्या वस्तीतील माणसे सकाळी फाटकावर जमली, दगडफेक झाली. मालकांचा आरोप चोरीचा, तिचा आरोप मारहाणीचा व कोंडून ठेवल्याचा. अटक झाली ती झोपड्यांतील तेरा जणांना. कूचबिहारकडून आलेल्या भारतीय मजुरांना ‘बांगलादेशी’ ठरविण्यात आले आणि संकुलासमोरच्या टपऱ्या पाडण्यात आल्या. घरकामगारांविषयीच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाजूने भारत सरकारने जिनिव्हात मत दिले होते, पण त्याला अधिकृत मान्यता आजतागायत दिलेली नाही.

मराठी वाचकास हे सारे परके वाटू नये. नव्या मुंबईसाठी १९७० पासून ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन घेण्यात आली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले, आणि शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व प्रस्थापित झाले. रक्ताने मिळविलेल्या त्या भूखंडांपैकी अनेक पुढे बिल्डरांच्या खिशात गेले, हेही विसरता येत नाही.

शहर व ग्रामीण भाग यांतील भेद हळूहळू नाहीसा करणे ही मागणी १८४८ च्या जाहीरनाम्यातच आहे. १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना एंगल्सने बजावले की भांडवलदार वर्ग हा प्रश्न सोडवीत नाही, दुसरीकडे ढकलतो. शेताच्या काठावरचे उपनगर हा त्या भेदाचा अंत नव्हे. येथे तो भेद केवळ एका भिंतीच्या जाडीचा झाला आहे, एवढेच.

या भिंतीच्या दोन्ही बाजूंना समान असलेली एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे आश्चर्य वाटावे इतके दुर्लक्ष झाले आहे. नोएडाला निवडून आलेली नगरपालिका कधीच मिळाली नाही. ‘औद्योगिक नगरी’च्या घटनात्मक पळवाटेचा आधार घेऊन २०१५ पासून येथील गावांच्या पंचायतीही बंद करण्यात आल्या. लाखो माणसांच्या पाण्याचा, गटाराचा, जमिनीचा कारभार प्राधिकरणाची नोकरशाही पाहते. सेक्टरवासी पाण्यासाठी अर्ज करतो, गावकरी भूखंडासाठी धरणे धरतो, आणि दोघेही एकाच बंद दारासमोर पाठीला पाठ लावून उभे असतात. किसान सभेच्या नेतृत्वाखाली २०२३ साली ग्रेटर नोएडा प्राधिकरणाच्या दाराशी दीर्घ धरणे झाले, कार्यकर्ते तुरुंगात गेले. आसपासच्या सेक्टरांतील किती पक्षसभासद त्या तंबूत जाऊन बसले होते?

निवडलेल्या स्थानिक संस्थेची मागणी, भूमिहीनांना भूखंड, घरकामगारांचे किमान वेतन व साप्ताहिक सुट्टी, भाडेकरूंच्या विजेचा दर हे विषय एकाच शाखेच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावयास हवेत. त्यासाठी बैठक सेक्टरातील दिवाणखान्यातून हलवून गावातील चाळीच्या अंगणात घ्यावी लागेल. वेळ रात्री आठनंतरची ठेवावी, कारण त्याआधी तेथील स्त्रियांची संध्याकाळची घरे संपलेली नसतात.