सुटीचे दोन दिवस वाया गेले काय?



आपल्या खेड्यापाड्यांतील मुले आता उच्च शिक्षणासाठी सातासमुद्रापलीकडे जाऊ लागली आहेत. कोणी शेताचा तुकडा गहाण ठेवून, तर कोणी बँकेचे कर्ज काढून मुलाला धाडतो. मग एखाद्या रविवारी मुलाचे छायाचित्र घरी येते. मागे निळा समुद्र, हातात कसलासा खाद्यपदार्थ आणि तोंडभर हसू. आई ते छायाचित्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखविते. बाप मात्र गप्प बसतो. त्याच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो, ‘याला शिकायला धाडले की हिंडायला?’

हा प्रश्न गैर नव्हे. ज्याने घाम गाळून पैसा जोडला, त्याला तो विचारण्याचा अधिकार आहे. तथापि निवाडा करण्यापूर्वी अशा विद्यार्थ्याबरोबर आपणही मनाने दोन दिवस हिंडून येऊ. पोर्तुगालची राजधानी लिस्बन हेच शहर त्यासाठी निवडू. कारण त्या शहराचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध पाचशे वर्षांचा आहे.

शनिवारी सकाळी विद्यार्थी तेजो नदीच्या काठी बेलें या भागात जातो. बेलें म्हणजे बेथलेहेम. पोर्तुगीज भाषेत त्या पवित्र गावाचे नाव असेच उच्चारतात. तेथे राजा मानुएल पहिला याच्या आज्ञेवरून १५०१ साली बांधावयास घेतलेला जेरोनिमुश मठ आहे. पांढऱ्या दगडात दोरखंड, समुद्रवनस्पती आणि जहाजांची चिन्हे कोरलेली आहेत. आत वास्को द गामाची कबर आहे. शाळेच्या पुस्तकात ज्याचे नाव घोकले, तो मनुष्य येथे दगडाखाली निजलेला पाहिला म्हणजे इतिहास हा केवळ परीक्षेचा विषय राहत नाही.

याच नदीतून ७ एप्रिल १५४१ रोजी संत फ्रान्सिस झेवियर जहाजाने निघाले, आणि तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी, गोव्यास पोहोचले. तेही एके काळी परदेशी विद्यार्थीच होते. १५२५ साली नव्हारातील आपले घर सोडून ते पॅरिसला शिकावयास गेले होते.

मठाजवळच १८३७ सालापासून चाललेले एक मिठाईचे दुकान आहे. तेथील अंड्याच्या बलकाच्या लहान गोड वड्या जगप्रसिद्ध आहेत. सांगतात ते असे : मठवासी आपल्या वस्त्रांच्या खळीसाठी अंड्याचा पांढरा भाग वापरीत आणि उरलेल्या बलकाची मिठाई करीत. १८३४ साली सरकारने मठ बंद केले, तेव्हा ती कृती शेजारच्या साखरेच्या कारखान्यात गेली. कडक भट्टीत भाजलेल्या त्या वडीवर दालचिनीची पूड भुरभुरतात. ती दालचिनी आपल्याच पूर्वेकडील मसाला! तिच्यासाठी त्या लोकांनी सिंहलद्वीपापर्यंत धाव घेतली होती.

दुपारी एखाद्या साध्या खाणावळीत बटाट्याचे व बारीक चिरलेल्या पालेभाजीचे सूप मिळते. त्यास काल्दु व्हेर्द म्हणतात. शिवाय बाकाल्याव, म्हणजे खारवून वाळविलेला कॉड मासा. मौजेची गोष्ट ही की, हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर सापडतच नाही. तो उत्तरेच्या थंड समुद्रातून येतो. शिजविण्यापूर्वी दिवस-दोन दिवस पाणी बदलीत भिजत घालावा लागतो. नाताळच्या आदल्या रात्री तोच बटाटे व कोबीबरोबर घरोघर शिजतो. आपल्याकडील गृहिणी पावसाळ्यासाठी सुकी मासळी डब्यात भरून ठेवते, तिला हे वेगळे समजावून सांगावयास नको.

अशा वेळी विद्यार्थ्याच्या ध्यानात येते की, ताटातले सारेच परके नाही. पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, चावी, पगार हे आपले नित्याचे शब्द त्यांच्याच भाषेतून आलेले. दारू आणि लसूण घालून मुरविलेले त्यांचे मांस गोव्यात आले, तेथे त्यास माडाची शिरका आणि मिरची मिळाली, आणि त्याचे विंदालू झाले. ती मिरचीही पोर्तुगीजांनीच अमेरिकेकडून आणलेली.

रविवारी मिस्सा आटोपून तो आगगाडीने काश्काइशला जातो. प्रवास सुमारे चाळीस मिनिटांचा. डाव्या हाताला आधी नदी, मग खुला अटलांटिक महासागर. गावाजवळ खडकात एक प्रचंड विवर आहे. त्यात लाटा अशा गर्जतात की लोकांनी त्यास ‘नरकाचे मुख’ असे नाव दिले आहे. तेथून बसने रोका भूशिरावर जाता येते. युरोप खंडाच्या मुख्य भूमीचे हे अगदी पश्चिमेचे टोक. सुमारे १४० मीटर उंचीचा कडा, एक दीपस्तंभ, आणि दगडी स्तंभावर एक क्रूस.

तेथे सूर्य समुद्रात बुडतो, जसा आपल्या किनाऱ्यावर बुडतो तसाच. हिवाळ्यात त्या वेळी आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजत आलेले असतात आणि घरची माणसे निजलेली असतात. छायाचित्रात हसणारा तो मुलगा त्या क्षणी काय आठवत असेल, हे कोणत्याही आईला सांगावे लागत नाही.

मायबापहो, परदेशातील सर्वांत कठीण दिवस परीक्षेचा नसतो. तो सुटीचा असतो. तेथील मुले आपापल्या घरी जातात, वसतिगृह ओस पडते, आणि परक्या मुलास चार भिंती खावयास उठतात. पुष्कळ मुले याच एकांतात खचतात आणि घरी मात्र ‘बरे आहे’ एवढेच कळवितात. अशा वेळी जो पायी बाहेर पडला, लोकांत मिसळला, त्यांच्या पंगतीस बसून त्यांचे अन्न जेवला, त्याने पैसा उधळला असे मी म्हणणार नाही. त्याने सोमवारी पुन्हा अभ्यासास बसण्याचे बळ मिळविले.

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. मित्रांना दाखविण्यासाठी हिंडू नका. जेथे कामकरी माणसे जेवतात तेथे जेवा. तेथे अन्न स्वस्त असते आणि भाषाही शिकावयास मिळते. खर्च लिहून ठेवा. आणि घरी खरे तेच सांगा.

परंतु मुलाने खरे सांगावे असे वाटत असेल, तर ते ऐकून घेण्याचे मनही घरी असले पाहिजे. हिंडल्याबद्दल प्रत्येक वेळी बोलणी खाणारा मुलगा हिंडावयाचे सोडीत नाही. सांगावयाचे मात्र सोडतो. म्हणून पुढच्या रविवारी त्याचा फोन येईल, तेव्हा मार्कांची चौकशी थोडी मागाहून करा. आधी विचारा, ‘बाळा, आज काय जेवलास? कोणाबरोबर जेवलास?’