वर्गात पक्ष नको, मराठीचा शिक्षक द्या!

केबिन रोड आणि परिसरातील पालक, दुकानदार, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि सर्वच पक्षांचे कार्यकर्ते यांना,

मी भाईंदर पूर्वेला प्राथमिकच्या मुलांना शिकवते. 2025 च्या जून-जुलैत मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला. 8 जुलैला मराठी माणसाचा मोर्चा ठरला, पोलिसांनी परवानगी नाकारली, धरपकड केली आणि तरीही लोक रस्त्यावर उतरले. चॅनेलवाल्यांनी सगळ्यांच्या तोंडापुढे माईक धरले. त्या आठवड्यात वर्गात काय घडत होते, ते मात्र कुणी विचारले नाही. म्हणून हे पत्रक.

माझ्या वर्गात मारवाडी घरातला एक मुलगा आहे. वडिलांचे दुकान आहे. मराठीचा धडा तो न अडखळता वाचतो. 'बाळ'चे 'बाल' होते, पण ते आपल्याही कितीतरी मुलांचे होते. त्या आठवड्यात मी त्याला वाचायला उठवले, तर ओळीवर बोट ठेवून तो नुसता उभा राहिला. मागच्या बाकावरून आवाज आला, "वाच ना, नाहीतर मार पडेल." म्हणणारा पोरगा वाईट नाही. घरात, गल्लीत, मोबाइलवर जे कानावर पडले, तेच त्याने म्हटले. पण चांगली मराठी वाचणारे मूल त्या दिवशी मराठीला घाबरले. हे नुकसान कुणाचे? त्या मुलाचे तर आहेच, पण त्याहून जास्त मराठीचे आहे. ज्यांनी हात उचलला त्यांनी आणि ज्यांनी त्या आगीवर आपली पोळी भाजून घेतली त्यांनीही याचे उत्तर द्यावे.

गैरसमज नको. पहिलीपासून हिंदीची सक्ती मला मान्य नव्हती, आजही नाही. सहा वर्षांच्या मुलाला आधी एक भाषा नीट वाचता-लिहिता येऊ द्या, हे पहिलीला शिकवणारी कोणतीही बाई सांगेल. पण तो निर्णय कसा झाला ते आठवा. 16 एप्रिल 2025 च्या शासन आदेशाने पहिलीपासून हिंदी सक्तीची. 16 जूनला शाळा उघडल्या आणि 17 जूनला नवा आदेश: हिंदी 'सर्वसाधारणपणे', तिच्याऐवजी दुसरी कुठली भाषा हवी असेल तर किमान वीस विद्यार्थी आणा. 29 जूनला दोन्ही आदेश रद्द, आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले नाहीत तोवर पहिलीच्या वेळापत्रकाचा असा खेळ झाला. आदेश रद्द झाले म्हणून 5 जुलैला वरळीत विजयी मेळावा झाला. विजय जरूर साजरा करा, पण त्यानंतर वर्गाकडे किती पुढारी वळले?

आणखी एक गोष्ट सभांमध्ये कुणी बोलत नाही. आपल्या महापालिकेच्या उर्दू, गुजराती, हिंदी माध्यमाच्या शाळांतली मुले पहिलीपासून तीन भाषा शिकत आली आहेत: माध्यमाची भाषा, मराठी आणि इंग्रजी. उर्दूच्या मुलाला तर एक लिपी उजवीकडून लिहायची, दोन डावीकडून. त्याच्या ओझ्यासाठी कोणत्याही रंगाचा झेंडा निघाला नाही. ही मुले मराठी शिकत आहेत, याच गावात, याच वेळी. त्यांना मराठी शिकवणाऱ्याच्या पाठीवर कुणी थाप मारली आहे का?

2020 साली विधिमंडळाने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. चांगला कायदा. मग एप्रिल 2023 मध्ये शासनाने आदेश काढला की अन्य मंडळांच्या शाळांत एका तुकडीला आठवी ते दहावी मराठीची फक्त श्रेणी द्यावी, गुण एकूण मूल्यांकनात धरू नयेत. कारण दिले कोविडचे. पालक हुशार असतात. ज्याचे गुण धरत नाहीत त्या विषयाला शिकवणी कोण लावील? कायदा एका सरकारचा, सवलत दुसऱ्याची, म्हणून कोणत्याच पक्षाने यावर छाती पुढे काढू नये.

आता आपल्या दाराशी येऊ. जूनमध्ये वह्यावाटप होते. वह्या गरजेच्या असतात, देणाऱ्याचे आभार. पण मुखपृष्ठावर हात जोडलेला फोटो, मागे पक्षाचे चिन्ह, आणि आत मुलगा वजाबाकी करतो. मी मुलांना पहिल्याच दिवशी तपकिरी कागदाचे कव्हर घालायला सांगते. मोठी मुले विचारतात, "बाई, हे कोण?" मी सांगते, हे आपल्या भागातले लोकप्रतिनिधी, त्यांना निवडायचे की नाही हे तुमचे आईबाबा ठरवतात. याहून पुढे मी एक शब्द बोलत नाही आणि बोलणारही नाही. वाटपाच्या दिवशी मुलांना उन्हात रांगेत उभे करून फोटो काढण्याचा प्रकार मात्र यापुढे बंद व्हावा. वह्या कार्यालयात द्या, आम्ही मुलांच्या हातात देऊ.

राजकारण वर्गात नकोच, असे मी म्हणत नाही. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली, तेव्हा शाळा काढणे हेच मोठे राजकारण होते. नगरसेवक काय करतो, पाणीपट्टी कुठे जाते, मत गुप्त का असते, संविधानाच्या उद्देशिकेत 'आम्ही' म्हणजे कोण, हे मुलांना शिकवायलाच हवे. शिक्षकाची स्वतःची मतेही असतात. मतदानाच्या दिवशी तो रांगेत उभा असतो, बहुधा मतदान केंद्रावर ड्यूटीही करतो. साने गुरुजींना 1930 साली सत्याग्रहात उतरायचे होते, तेव्हा त्यांनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली नोकरी सोडली. आपली चळवळ आणि आपला वर्ग यांमध्ये त्यांनी जी रेघ ओढली, ती आम्हा शिक्षकांनाही पाळावी लागेल. वर्गात मोबाइलवरचे पक्षाचे व्हिडिओ दाखवणारा, एखाद्या मुलाला आडनावावरून टोमणा मारणारा शिक्षक माझ्या बिरादरीतला असला तरी मी त्याची बाजू घेणार नाही.

पालकांनो, कायद्याने तुमच्या हातात एक जागा दिली आहे. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. बैठकीला जा. विचारा: आमच्या मुलांना मराठी शिकवायला प्रशिक्षित शिक्षक आहे का? रिक्त पदे किती? वाचनालयात लहान मुलांची मराठी पुस्तके किती आणि ती कपाटाबाहेर येतात का? शाळेच्या आवारात पक्षाचा कार्यक्रम कुणाच्या परवानगीने झाला? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. खाजगी इंग्रजी शाळेत मुले असतील तर पालक-शिक्षक संघात हेच विचारा. आणि मते मागायला कोणीही दारात आला, कोणत्याही पक्षाचा, तर हाच कागद त्याच्या हातात द्या.

नोकरीत असल्यामुळे नाव छापलेले नाही. पत्रकाच्या प्रती काढून वाटायला हरकत नाही.

भाईंदर पूर्वेतील एक प्राथमिक शिक्षिका