घरी पाठवलेला अर्धा वर्ग

शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत हल्ली 'फ्लिप्ड क्लासरूम' हा शब्द वरचेवर कानी पडतो. मराठीत त्याला उलटा वर्ग म्हणता येईल. शिक्षकाचे व्याख्यान विद्यार्थ्याने घरी चित्रफितीवर ऐकावयाचे आणि पूर्वी जो अभ्यास घरी होत असे तो वर्गात, शिक्षकाच्या व सोबत्यांच्या साह्याने करावयाचा, अशी ही अदलाबदल आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क येथील जोनाथन बर्गमन व ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास तिला रूप दिले. सामन्यांसाठी दूर जाणाऱ्या मुलांचे तास बुडत, म्हणून त्यांनी आपली व्याख्याने चित्रित करून ठेवली आणि त्यातून ही पद्धत निघाली.

कल्पना टाकाऊ नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. आपल्या महाविद्यालयांतून चालणारे अध्यापन बऱ्याच ठिकाणी अजून टिपणे सांगणे आणि ती उतरवून घेणे यापलीकडे गेलेले नाही. त्यात तास खर्ची पडतो आणि विद्यार्थ्याला जिथे अडते तिथे शिक्षक नसतो. गणिताचे उदाहरण अडते ते रात्री, घरी, एकट्याला. घरी गणित सांगू शकणारा बाप ज्याला आहे त्याचे निभावते. ज्याला नाही तो मागे पडतो. हा अडलेला क्षण वर्गात आणणारी पद्धत खरे म्हणजे गरिबाच्या मुलाच्या बाजूची असावयास हवी. शिवाय चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते. पन्नास मुलांसमोर बोलणाऱ्या शिक्षकाला थांबवण्याचे धैर्य फार थोड्यांना होते.

मग अडचण कोठे आहे? ती त्या 'घरी' या शब्दात आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांतील घर डोळ्यांसमोर आणा. फोन घरात एकच आणि तो बापाबरोबर रानात किंवा कामावर गेलेला. तो परत येतो तेव्हा मुलगी चुलीपाशी असते. भावाच्या हातात फोन दिसला तर तो अभ्यास, बहिणीच्या हातात दिसला तर संशय. 'असर'च्या २०२१ च्या ग्रामीण पाहणीत देशातील सुमारे ६७ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. परंतु अशा घरांतीलही सुमारे २६ टक्के मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. फोन घरात असणे आणि मुलाच्या हाती असणे यांतले हे अंतर कोणत्याही परिपत्रकात दिसत नाही. कोलोरॅडोतील मुलाचा तास सामन्यासाठी बुडत होता. आमच्या मुलाचा तास बुडतो तो आईबापांबरोबर ऊसतोडीला जावे लागते म्हणून. कोपीत बसून तो कोणते व्याख्यान ऐकणार?

याच मुलखातील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवण्याचे ठरवले. टाळेबंदीच्या काळात मुलांच्या हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, हे त्यामागचे कारण. आता अशा गावातल्या शिक्षकाने उलट्या वर्गाचा आग्रह धरला तर मुलाने कोणाचे ऐकावे? गाव म्हणते, अभ्यासासाठी फोन बंद कर. शाळा म्हणणार, अभ्यासासाठी फोन चालू कर. गावाचा निर्णय अनुभवातून आलेला आहे आणि आमच्या मते तो सहजी मोडीत काढण्यासारखा नाही.

घर हे शिक्षणातील विषमतेचे पहिले उगमस्थान आहे, हे सातारा जिल्ह्याने फार पूर्वी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली ती साताऱ्यास आणली आणि शाळांचे जाळे विणण्याच्या कितीतरी आधी वसतिगृह उभे केले. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, कष्ट करीत आणि अभ्यासाला एकत्र बसत. अभ्यासाला जागा, दिवा आणि सोबती पाहिजे, ही जाण त्यामागे होती. आजचा उलटा वर्ग नेमकी हीच गोष्ट गृहीत धरून चालतो आणि तिचा खर्च मात्र पालकावर टाकतो.

सातारा तालुक्यातीलच कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांचे उदाहरण याहून अलीकडचे आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षक यांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलला. फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडे, काड्या, मणी घेऊन मुले गटागटाने एकमेकांकडून शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहावयास येत, आणि २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाला त्यातून चालना मिळाली. शिक्षकाचे व्याख्यान तिथेही मागे हटले, पण ते मुलाच्या घरी नेऊन टाकलेले नव्हते. जे घडावयाचे ते शाळेच्या छपराखाली घडत होते.

दुसरी बाजू शिक्षकाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली संमिश्र अध्यापनाचा जो मसुदा प्रसृत केला, त्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची मुभा सुचवली होती. महाविद्यालयांतील कितीतरी जागा तासिका तत्त्वावरील प्राध्यापक भरून काढतात आणि त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासाचा. चित्रफीत तयार करण्यास लागलेल्या रात्री कोणत्या खात्यावर मांडावयाच्या? एकदा चित्रित झालेले व्याख्यान वर्षानुवर्षे वापरून त्याच प्राध्यापकाचा तास कमी केला तर त्याने दाद कोठे मागावी? उलट्या वर्गाला खरे तर अधिक शिक्षक लागतात, कारण वर्गात पन्नास मुलांच्या पन्नास अडचणी एकाच वेळी उभ्या राहतात. काटकसरीचा मार्ग म्हणून या पद्धतीकडे पाहणाऱ्या संस्थाचालकांना हे उमजत नाही, असे मात्र नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी या पद्धतीला विरोध करीत न बसता तिच्या अटी ठरवाव्यात. व्याख्यान ऐकण्याचा अर्धा भाग शाळेतच, वेळापत्रकात, पडद्यावर सर्वांना मिळून ऐकवला जावा. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले आहेतच. ते उघडण्याचे साधन शाळेने पुरवावे. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या ग्रंथालयांत संध्याकाळची अभ्यासिका आणि मुलींसाठी राखीव वेळ असावी. चित्रफितीचे श्रम कामाच्या तासांत धरले जावेत. रिक्त जागा भरल्याशिवाय कोणत्याही महाविद्यालयाने ही पद्धत सक्तीची करू नये. हे प्रश्न पालकसभेत, ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडण्यास जूनची वाट पाहण्याचे कारण नाही.