चौकटीचा काय दोष?

"लोखंडी चौकट? डब्यासारखी वाजते, गंजते. लाकडीच घे!" ऐकून ऐकून कान किटले. अहो, वाजते कारण आतली पोकळी काँक्रीटने भरलीच नाही. गंजते कारण प्रायमरचे पैसे वाचवले. ऑर्डर देताना आपण विचारतो काय, तर फक्त रेट! १.६ मिमीऐवजी १.२ चा पत्रा आला की पाव पोलाद गायब. रंग मारल्यावर कळणार कोणाला? बिजागरी-कुलपाच्या खाचा कारखान्यातच पडतात. म्हणजे दार डावं की उजवं, भिंत किती जाड, हे आधीच ठरायला हवं. आयएस ४३५१ हे मानक आहेच. ते ऑर्डरवर लिहा, माल आल्यावर व्हर्नियर लावा. रिक्वायरमेंट न देता सॉफ्टवेअर मागणाऱ्या क्लायंटला आपण शिव्या घालतो ना? मग इथे क्लायंट कोण आहे?