बारा नंबरची सीट

ऑफिसातल्या गँगचा प्लॅन होता डाभोसा धबधब्याचा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नऊ जण 'डन' होते, शनिवारी सकाळी गाडीत उरलो तिघीच. (ग्रुपवरच्या 'डन'चा अर्थ तुम्हाला मी काय सांगायचा?) भिवंडी, वाडा, विक्रमगड करत जव्हारला पोचेपर्यंत पावसाने असा जोर धरला की समोरचा रस्ता दिसेना, धबधबा कुठला बघताय! मग काय, मोर्चा थेट मावशीकडे. गरमागरम नागलीची भाकरी, ठेचा, आणि येताना रस्त्याकडेच्या खाचरांत पाहिलेल्या आवणीच्या गप्पा. म्हटलं, वीकएन्ड वसूल!

मावशीच्या मुलाचं जव्हारच्या बाजारात झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरा धंदा ऑनलाइन फॉर्मचा. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, सातबारा, भरतीचे अर्ज. मोखाड्याकडच्या, खोडाळ्याकडच्या पाड्यांवरून पोरंपोरी एसटीने येतात, प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले कागद काउंटरवर ठेवतात. आधार, बँकेचं पासबुक, दहावीची मार्कशीट. सगळं स्कॅन होऊन जातं त्या एका कॉम्प्युटरमध्ये.

दुपारी मेल बघायला म्हणून मी त्याच कॉम्प्युटरवर बसले आणि उडालेच. विंडोज ७! क्रोमची आवृत्ती १०९!

"अरे, हे अपडेट का नाही करत तू?"

"होतच नाही गं ताई आता. आणि होत होतं तेव्हा मीच बंद ठेवलेलं. दिवसाला दीड जीबी मिळतो. अपडेटने तो गिळला तर मी फॉर्म कसे भरू? चालतंय की मस्त."

चालतंय की मस्त! मी पडले सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. लेक्चर सुरू. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला थांबवला. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, ती जानेवारी २०२३ ची. त्यानंतर ब्राउझरमधली किती भोकं बुजवली गेली, त्यातलं काही इथे आलेलं नाही.

"भोकं म्हणजे नक्की काय गं?" त्याने शांतपणे विचारलं. आणि माझी गाडी अडली. ऑफिसात आम्ही 'मेमरी सेफ्टी' म्हणतो आणि सगळे माना डोलावतात. इथे मान डोलावणारं कुणी नव्हतं.

मग मी एसटी काढली.

"समज, तू नाशिकच्या गाडीत बारा नंबरला बसलायस. मावशीने वहीत लिहून ठेवलं, 'बारा नंबर'. तू मध्येच मोखाड्याला उतरलास. सीट रिकामी झाली, दुसराच कुणी येऊन बसला. मावशीच्या वहीत मात्र बारा नंबर तसाच. पुढे त्र्यंबकला तिच्या ओळखीच्या माणसाने कंडक्टरकडे पिशवी दिली, बारा नंबरवाल्याला द्या. पिशवी कुणाला मिळाली?"

"जो बसलाय त्याला."

"आणि पिशवीत घराची किल्ली असली तर?"

तो हसायचा थांबला.

ब्राउझरमध्ये हेच होतं. प्रत्येक पान, प्रत्येक चित्र, प्रत्येक बटण मेमरीत थोडी जागा घेतं आणि काम झालं की सोडतं. प्रमुख ब्राउझरांचा बराचसा गाभा सी++ मध्ये लिहिलेला आहे, आणि तिथे कुठली जागा कधी रिकामी झाली याचा हिशोब प्रोग्रामरने ठेवायचा. एक नोंद खोडायची राहिली की संपलं. याला म्हणतात 'यूज आफ्टर फ्री', सोडलेली जागा पुन्हा वापरणं. हल्लेखोर आपलं वेबपेज असं रचतो की आधी बारा नंबर रिकामा व्हावा, लगेच त्याचा माणूस तिथे बसावा, आणि मग किल्लीची वाट बघायची. तुम्ही काही डाउनलोड करायला नको, 'ओके' दाबायला नको. पान उघडलंत, बास.

हे काही थिअरीतलं नाही. २००९ च्या शेवटी गुगलसकट अनेक कंपन्यांवर हल्ला झाला, तो इंटरनेट एक्स्प्लोररमधल्या अशाच बारा नंबरवरून. जानेवारी २०१० मध्ये बातमी फुटली, तेव्हा जर्मनी आणि फ्रान्समधल्या सरकारी यंत्रणांनी लोकांना सांगितलं, तूर्तास दुसरा ब्राउझर वापरा. क्रोमवाल्यांनी २०१५ पासूनच्या आपल्या ९१२ गंभीर चुका तपासून २०२० मध्ये हिशोब मांडला. साधारण ७० टक्के चुका मेमरीच्या निघाल्या, आणि त्यातल्या निम्म्या 'यूज आफ्टर फ्री'च्या.

दुसरा प्रकार समजावणं जव्हारमध्ये एकदम सोपं. वरच्या खाचरात पाणी मावलं नाही की बांध ओलांडून खालच्या खाचरात जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी नावाच्या चित्रांबाबत हेच झालं. (व्हॉट्सअॅपवर आपण स्टिकर्स पाठवतो ना, तेही वेबपीच.) असं चित्र उलगडताना एक तक्ता तयार होतो. मुद्दाम बिघडवलेल्या चित्रात तो ठरवलेल्या जागेत मावत नव्हता, शेजारच्या मेमरीत सांडत होता. अॅपलच्या सुरक्षा टीमने आणि टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने ६ सप्टेंबरला ही चूक कळवली, ११ तारखेला क्रोमची दुरुस्ती आली, १२ ला फायरफॉक्सची. म्हणजे पाचसहा दिवसांत काम फत्ते.

"मग प्रॉब्लेम काय?" भाऊ म्हणाला. "ते करतायत की दुरुस्त."

करतायत, आणि सॉलिड डोकं लावून करतायत. क्रोमने २००८ मध्ये आल्यापासूनच वेबपेजला कुंपणात बसवलं, म्हणजे आत आग लागली तरी घर पेटू नये. २०२२ मध्ये त्यांनी 'मिरॅकल पॉइंटर' आणला. त्याचा फंडा असा, की मावशीच्या वहीतली नोंद खोडली जात नाही तोवर बारा नंबर कुणालाच द्यायचा नाही. तिकडे ग्रेडन होअर या प्रोग्रामरने २००६ मध्ये रस्ट ही भाषा करायला घेतली. वहीत असा घोळ दिसला तर ती प्रोग्राम तयारच होऊ देत नाही. मोझिलाने ती उचलून धरली आणि नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्समध्ये एक मोठा भाग रस्टमध्ये आला. पण अख्खा ब्राउझर पुन्हा लिहायचा म्हणजे धावत्या एसटीचं इंजिन बदलण्यासारखं. तोवर आपल्या हातात एकच गोष्ट उरते, अपडेट.

आणि इथेच खरी मेख आहे. दुरुस्ती बाहेर पडली की भोक कुठे होतं हेही जगजाहीर होतं. कुलूप बदललंय हे सांगताना जुनं कुलूप कसं उघडायचं तेही कळतं. म्हणजे दुरुस्ती निघाल्यापासून ती तुमच्या मशीनवर पोचेपर्यंतचे दिवस सगळ्यात वाईट. जव्हारच्या त्या कॉम्प्युटरवर हे दिवस वर्षांत मोजायचे होते. आजवर काही घडलं नव्हतं. म्हणजे, घडल्याचं कळलं नव्हतं. अशा चोरीत कडी तुटल्याचा आवाज येत नाही.

"लिनक्स टाकू या," मी म्हटलं. "फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं, ब्राउझर ताजा मिळतो."

"आणि अंगठ्याचं मशीन? त्याचा ड्रायव्हर?"

पॉइंट होता. शेवटी तोडगा निघाला. त्याच्या बहिणीचा कॉलेजचा नवा लॅपटॉप दिवसा दुकानात, फॉर्म आणि अंगठा त्यावर. जुन्या मशीनवर लिनक्स, प्रिंट निघाल्या तर उत्तमच. अपडेट रात्री साडेअकराला, दिवसाचा उरलेला डेटा बारा वाजता वाया जायच्या आत. आणि स्कॅन केलेले आधार-पासबुक रोज दुकान बंद करताना पुसायचे. चोर आलाच तर सापडायला काही नको. ही शेवटची आयडिया त्याची, माझी नाही.

लिनक्सची फाइल माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर उतरवायला घेतली. बाहेर पाऊस, रेंज येऊन-जाऊन. माझा लॅपटॉप काउंटरवर उघडा, आणि मी पोक्त चेहऱ्याने सांगतेय, "सवय लागली पाहिजे रे, सवय."

भाऊ स्क्रीनकडे बघत होता. "ताई, तुझ्या ब्राउझरच्या कोपऱ्यात हे लाल काय आहे?"

ती क्रोमची खूण. अपडेट येऊन पडलं की आधी हिरवी, मग केशरी, आणि आठवडा उलटून गेला की लाल. दुरुस्ती उतरलेली असते, ब्राउझर बंद करून उघडला की लागू होते. मी तीन आठवडे तो बंद केला नव्हता. का? तर त्रेचाळीस टॅब उघडे होते! त्यात दोन बँकेचे, एक पीएफचा, आणि उरलेले 'नंतर वाचू'.

त्याच्याकडे डेटा नव्हता, नवं मशीन घ्यायला पैसे नव्हते. माझ्याकडे ऑफिसचं वायफाय होतं, नवाकोरा लॅपटॉप होता, आणि एक क्लिक करायचा कंटाळा होता.

मी काही बोलले नाही. बटण दाबलं. दहा सेकंदांत सगळे टॅब परत आले, एकही हरवला नाही. आतून मावशी हसली, "झालं का गं लेक्चर? चहा टाकलाय."

तुमच्या कोपऱ्यात कुठला रंग आहे? बघून घ्या. चहा होईपर्यंत काम होतं.